नजरेतून सुटलेलं निम्मं

१९८० साली एलिझाबेथ रॉबिन्सन आणि गेल प्राइस या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षण दिलेले निरीक्षक विवाहित जोडप्यांच्या घरी जाऊन बसले. नवरा-बायको एकमेकांशी जे काही चांगलं वागतील ते त्यांनी टिपायचं होतं. हसून बोलणं, लक्ष देऊन ऐकणं, मदतीला येणं, जाता-येता खांद्यावर हात ठेवणं, असं सगळं. त्याच वेळात नवरा-बायकोनंही हेच टिपायचं होतं. संसारात समाधानी असलेल्या जोडप्यांच्या नोंदी निरीक्षकांच्या नोंदींशी बऱ्याच जुळल्या. नाखूश जोडप्यांच्या मात्र जुळल्या नाहीत. निरीक्षकांनी टिपलेल्या चांगल्या गोष्टींपैकी जवळपास निम्म्या त्यांच्या नोंदीत नव्हत्याच. त्याच घरात, त्याच खोलीत, डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टी, आणि ज्याच्यासाठी घडल्या त्यालाच दिसल्या नव्हत्या.

लग्नाला दहा-पंधरा वर्षं झाली की “आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही” हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं. त्यात एक गृहीत असतं, की समोरच्या माणसातला चांगुलपणाच आटला. कधी कधी तसं झालेलंही असतं. पण या अभ्यासाचं म्हणणं वेगळं आहे: चांगलं घडत राहतं आणि त्याची नोंद घेणारं मन मध्येच काम थांबवतं. नात्यांवर जे संशोधन मी वाचलं आहे, त्यात मला हा निष्कर्ष सगळ्यांत दिलासा देणारा वाटतो. दुसऱ्याचा स्वभाव बदलणं आपल्या हातात फारसं नसतं. आपली नजर मात्र आपल्या हातात असते आणि तिला वळण लावता येतं.

नजर अशी का मंदावते, ते आधी समजून घेऊ. मनाला बदल टिपायची सवय असते, सातत्य टिपायची नसते. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तो बंद पडला की चटकन कळतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात नवऱ्यानं सकाळचा चहा करून आणला, तर तो दिवसभर लक्षात राहतो, मैत्रिणींना सांगितला जातो. तोच चहा आठ वर्षं रोज आला की तो कुणी केला हा विचारही मनात येत नाही. मग एक दिवस तो येत नाही आणि “साधा चहासुद्धा केला नाही” एवढंच लक्षात राहतं. जो माणूस नेमानं चांगला वागतो, त्याचंच चांगुलपण सगळ्यांत आधी दिसेनासं होतं, हा यातला मोठा अन्याय आहे. कधीतरी उत्साहात येऊन साडी घेऊन येणाऱ्याचं कौतुक होतं. दर महिन्याला न चुकता विजेचं बिल भरणाऱ्याचं, मुलांच्या लसींच्या तारखा लक्षात ठेवणारीचं, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवणारीचं होत नाही.

त्यात भर म्हणजे वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मानसशास्त्राच्या अनेक शाखांमधले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जवळपास सगळीकडे हेच आढळलं. रागाचं एक वाक्य प्रेमाच्या एका वाक्यानं पुसलं जात नाही. आदिम काळात धोका पटकन ओळखणं जगण्यासाठी गरजेचं होतं, म्हणून मेंदू असा घडला असावा. स्वयंपाकघरात मात्र ही सवय महागात पडते. दिवसभरात जोडीदारानं केलेल्या दहा चांगल्या गोष्टी आणि एक तिखट टोमणा यांतला टोमणाच रात्री उशाशी येतो.

तिसरं कारण अधिक सूक्ष्म आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली ३७ विवाहित जोडप्यांना घरातल्या वीस गोष्टींबद्दल विचारलं. स्वयंपाक, आवराआवर, मुलांची देखभाल यांसारख्या प्रत्येक गोष्टीत आपला वाटा किती, हे दोघांनी वेगवेगळं सांगायचं. दोघांचे वाटे मिळवले तर बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपणच जास्त करतो असं दोघांनाही मनापासून वाटत होतं. यात फुशारकी असेल असं आपल्याला वाटेल. पण भांडण उकरून काढणं, पसारा करणं अशा नकोशा गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा वाढवूनच सांगितला होता. म्हणजे मुद्दा बढाईचा नव्हता, आठवणीचा होता. आपण भांडी घासली तेव्हा आपण तिथे होतो, पाणी गार होतं, कंबर दुखत होती. जोडीदारानं बँकेत दोन तास रांग लावली तेव्हा आपण तिथे नव्हतो. त्याचं काम आपल्यापर्यंत “झालं एकदाचं” एवढ्या दोन शब्दांतच पोहोचतं. स्वतःचे कष्ट आपण अंगानं जाणतो आणि दुसऱ्याचे फक्त ऐकतो.

इथपर्यंत गोष्ट नुसत्या न दिसण्याची होती. नातं दुखावलेलं असेल तर दिसलेल्या गोष्टीचा अर्थही फिरतो. समजा नवरा कामावरून येताना गजरा घेऊन आला. नातं सुखाचं असेल तर बायकोच्या मनात येतं, “आठवण ठेवली.” मनात अढी असेल तर येतं, “आज काय हवंय यांना?” किंवा “सिग्नलला कुणीतरी गळ्यात मारला असेल.” उलट तो उशिरा आला, तर पहिल्या घरात “ट्रॅफिकमध्ये अडकला असेल” आणि दुसऱ्या घरात “याला घरच्यांची पर्वाच नाही.” फ्रँक फिंचम आणि थॉमस ब्रॅडबरी या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून याच गोष्टीचा बारकाईनं अभ्यास केला. सुखी जोडपी चांगल्या वागण्याचं श्रेय स्वभावाला देतात आणि वाईट वागण्याचा दोष परिस्थितीला. दुःखी जोडपी नेमकी उलट वागतात: वाईट झालं की “स्वभावच तसा”, चांगलं झालं की “चुकून झालं”. अशा मनःस्थितीत जोडीदार चांगुलपणाच्या कितीही खेपा घालो, त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. रॉबर्ट वाइस यांनीही १९८० सालीच दाखवून दिलं होतं, की नात्याबद्दलची आपली एकूण भावना त्या त्या क्षणाच्या वागण्यावर मात करते. म्हणूनच “तो सुधारला तर माझं मत बदलेल” हे पूर्ण खरं नसतं. तो सुधारलेला दिसायलासुद्धा मत थोडं आधी सैल व्हावं लागतं.

मग चांगलं बघायचं म्हणजे डोळे मिटून घ्यायचे का, जोडीदाराला आहे त्यापेक्षा मोठं मानायचं का? या प्रश्नावर संशोधकांमध्येही बराच खल झाला आहे. सँड्रा मरे, जॉन होम्स आणि डेल ग्रिफिन यांनी १९९६ साली मांडलं, की जोडीदार स्वतःला जितका चांगला समजतो त्याहूनही जास्त चांगला जे त्याला समजतात, ते नात्यात अधिक समाधानी असतात. प्रेमात थोडी अतिशयोक्ती असणं नात्याला मानवतं, असा त्याचा अर्थ. मला हे वाचून आधी आनंद झाला आणि मग शंका आली, कारण अतिशयोक्तीवर उभं राहिलेलं कौतुक पहिल्या मोठ्या संकटात कोसळतं, हे आपण आजूबाजूला पाहतो. या शंकेचं उत्तर लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी यांच्या २००५ सालच्या अभ्यासात आहे. नवविवाहितांमध्ये जवळपास सगळेच जोडीदाराला “खूप चांगला” म्हणत होते. फरक पडत होता तो तपशिलात. “माझा नवरा फार चांगला आहे, पण पैशाच्या व्यवहारात गोंधळतो आणि चारचौघांत बोलायला बिचकतो” असं ज्या बायकांना नेमकं ठाऊक होतं, त्यांनी नवऱ्याला अधिक आधार दिला आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचे घटस्फोटही कमी झाले. नवऱ्यांच्या बाबतीत हा परिणाम तसा दिसला नाही. तरी बोध मोलाचा आहे. दोष माहीत असूनही केलेलं प्रेम टिकतं.

याचं मराठीतलं सर्वांत उजळ उदाहरण मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये दिसतं. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक जसेच्या तसे भेटतात. शीघ्रकोपी, लहरी, हातात पैसा न टिकणारे, मनात आलं की घर सोडून निघणारे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढची काही वर्षं नवरा-बायकोची ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही तो धर्म स्वीकारला. या सगळ्यात त्यांनी काय सोसलं ते त्या झाकत नाहीत. पण त्याच पानांत टिळकांचं औदार्य आहे, त्यांची कविता आहे, कुणाचंही दुःख पाहून विरघळणारं मन आहे, आणि बायकोला लिहा-वाचायला शिकवण्याची जिद्द आहे. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. टिळकांच्या स्वभावाची त्रासदायक बाजू जितक्या बारकाईनं त्यांनी पाहिली, तितक्याच बारकाईनं त्यांचं मोठेपणही पाहिलं. दोन्हीसाठी नजर एकच लागते. जो माणूस फक्त दोष बारकाईनं पाहतो आणि गुण मात्र “तसा चांगला आहे” एवढ्यावर गुंडाळतो, त्याचं निरीक्षण अर्धवट आहे.

रोजच्या जगण्यात हे गुण दिसतात कुठे? बहुतेक वेळा मोठ्या प्रसंगांत दिसत नाहीत. अमेरिकेतल्या सिएटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन गॉटमन यांनी एक साधं राहतं घर वाटावं अशी प्रयोगशाळा उभारली होती. जोडप्यांनी तिथे एक दिवस राहायचं, स्वयंपाक करायचा, टीव्ही पाहायचा, आणि कॅमेरे ते टिपणार. गॉटमन यांच्या लक्षात आलं, की माणसं दिवसभर एकमेकांना बारीक बारीक हाका घालत असतात. “ते बघ, केवढा मोठा पक्षी!” किंवा “आज ऑफिसात काय झालं माहितेय?” किंवा नुसता एक सुस्कारा. त्यावर दुसरा मान वर करतो, दुर्लक्ष करतो किंवा खेकसतो. सहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा जी नवविवाहित जोडपी एकत्र राहिली होती त्यांनी प्रयोगशाळेत अशा हाकांना सरासरी ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. विभक्त झालेल्यांनी ३३ टक्के वेळा. गॉटमन यांच्या भाकितांच्या अचूकतेवर पुढे इतर संशोधकांनी योग्य आक्षेप घेतले आहेत, कारण निकाल हाती असताना मागे वळून सूत्र बसवणं सोपं असतं. तेव्हा हे आकडे भविष्य सांगणारे म्हणून घेऊ नयेत. त्यांनी कुठे बघायचं ते दाखवलं, एवढं मात्र निश्चित. जोडीदाराच्या प्रेमाचा बराचसा भाग अशा क्षुल्लक वाटणाऱ्या हाकांतच असतो, आणि हातात मोबाईल असला की आधी याच हाका सुटतात. “घरी पोहोचलीस की मेसेज कर” यात काळजी आहे. “शेवटची पोळी तू घे, मला भूक नाही” यात माया आहे. मराठी माणूस प्रेमाचे शब्द कमी वापरतो, म्हणून त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला ते अशा वाक्यांतून ओळखायला शिकावं लागतं.

शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं? वर्तनोपचार करणाऱ्या समुपदेशकांकडे एक जुनी रीत आहे. जोडप्यातल्या प्रत्येकानं आठवडाभर एक चिटोरं जवळ ठेवायचं आणि जोडीदार काही चांगलं करताना “सापडला” की तारखेसह लिहायचं. लिहिताना विशेषण टाळायचं, घटना लिहायची. “ती प्रेमळ आहे” असं लिहिलं की विचार तिथेच थांबतो. “सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा तिनं स्वतः जाऊन पेढे दिले” असं लिहिलं की त्यामागचा माणूस दिसतो. या रीतीचं बळ कागदात नाही. लिहायचं आहे म्हटल्यावर मन दिवसभर ते शोधत राहतं, आणि दोष शोधण्यात तरबेज झालेल्या मनाला दुसरं काम मिळतं. पहिले दोन दिवस काही सापडत नाही असं वाटेल. रॉबिन्सन आणि प्राइस यांच्या निरीक्षकांना आठवा. एखादा परका माणूस आपल्या बैठकीच्या खोलीत बसून टिपत असता, तर त्यानं काय लिहिलं असतं, असा प्रश्न विचारून पाहावा. तो नोंदी घेताना कालचं भांडण मनात ठेवत नाही.

दुसरी वाट म्हणजे जोडीदाराला घराबाहेर बघणं. न्यूयॉर्कच्या विवाह-समुपदेशक एस्थर परेल यांनी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना विचारलं, की तुम्हाला तुमच्या जोडीदाराची ओढ सर्वांत जास्त केव्हा वाटते. अनेकांचं उत्तर सारखं होतं: तो किंवा ती आपल्या आवडीच्या कामात रंगलेली असते तेव्हा. घरात आपण एकमेकांना दमलेले, चिडलेले, घरच्या कपड्यांतले पाहतो, आणि आपल्या जोडीदाराचं कसब बहुतेक वेळा घराबाहेर खर्च होत असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस मुलांना गप्प करून गोष्ट ऐकवणारी शिक्षिका तिच्या नवऱ्यानं कधी पाहिलेली नसते. भजनी मंडळात पखवाजावर बसलेला नवरा कसा वेगळाच होऊन जातो, हे बायकोनं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलेलं नसतं. कोकणात आंब्याचं कलम बांधणाऱ्या माणसाच्या बोटांत किती संयम असतो, ते त्याच्यावर “उतावळा” असा शिक्का मारणाऱ्या घरच्यांनी एकदा बागेत जाऊन बघावं. वर्षातून एकदा तरी जोडीदाराच्या कामाच्या जागी जावं, त्याच्या सहकाऱ्यांकडून त्याच्याबद्दल ऐकावं. परक्या तोंडून ऐकलेला आपल्या माणसाचा गुण अनेकदा पहिल्यांदाच कानावर पडतो.

आणखी एक प्रयोग विशेष आहे. मिंकयुंग कू, सारा अल्गो, टिमोथी विल्सन आणि डॅनिएल गिल्बर्ट यांनी २००८ साली नात्यात असलेल्या काही लोकांना “तुम्ही जोडीदाराला कसे भेटलात” ते लिहायला सांगितलं. इतर काहींना “तुमची भेट झालीच नसती, असं कसं घडू शकलं असतं” ते लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर नात्याबद्दल समाधान जास्त वाटलं ते दुसऱ्या गटाला. भेटीची गोष्ट शंभरदा सांगून गुळगुळीत झालेली असते, पण न-भेटीची गोष्ट अंगावर येते. आपल्याकडे तर ती सहज रचता येईल. मावशीनं ते स्थळ सुचवलंच नसतं तर? पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींनी नाडीदोष काढला असता तर? कॉलेजात त्या वर्षी गणेशोत्सवाच्या समितीत आपण गेलोच नसतो तर? एखाद्या संध्याकाळी दोघांनी मिळून ही उजळणी करावी. अमुक एका दुपारी, कांदेपोह्यांच्या बशीमागून दिसलेला तो चेहरा योगायोगानं दिसला होता, हे आठवलं की त्याची किंमत पुन्हा कळते.

बघितलेलं मनात ठेवून चालत नाही, ते बोलायला लागतं, आणि मराठी घरांत इथेच गाडं अडतं. नवरा-बायकोत “थँक्यू” म्हणणं परकेपणाचं वाटतं. सर्वांसमोर बायकोचं कौतुक करणाऱ्याला ताटाखालचं मांजर म्हणतात. नवऱ्याचं कौतुक करणारीला “दृष्ट लागेल हो” असं थांबवलं जातं. एकत्र कुटुंबात तर सासूसमोर सुनेची स्तुती करायला मुलगा कचरतो, आईला काय वाटेल म्हणून. यांतला प्रत्येक संकोच मला समजतो, आणि तरीही तो मोडायला हवा असं ठामपणे वाटतं. हळदीकुंकवाला किंवा डोहाळजेवणात उखाण्यातून जोडीदाराचं नाव चारचौघांत अभिमानानं घेण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. ज्या समाजानं लाजऱ्या माणसासाठी अशी सुंदर सोय केली, त्याला कौतुकाचं वावडं असू शकत नाही.

बोलायचं कसं, याबद्दल सारा अल्गो आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली फार उपयोगी गोष्ट दाखवली. कृतज्ञता दोन तऱ्हांनी व्यक्त होते. एक, मला काय मिळालं ते सांगून: “बरं झालं तू दूध आणलंस, माझी खेप वाचली.” दुसरी, तू कसा आहेस ते सांगून: “मी न सांगता तुझ्या लक्षात आलं, तुझं घराकडे किती लक्ष असतं.” ऐकणाऱ्याला जवळीक वाटते ती दुसऱ्या तऱ्हेनं. आपला फायदा सांगण्यापेक्षा समोरच्याचा गुण ओळखून सांगितला की त्याला आपण खरोखर दिसलो असं वाटतं. म्हणून “भाजी छान झालीय” चांगलंच आहे, पण “आईंना तिखट चालत नाही म्हणून तू त्यांची आधी वेगळी काढलीस, हे तुलाच सुचतं” हे त्याहून कितीतरी आत पोहोचतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात २०१५ साली ४६८ विवाहित व्यक्तींच्या पाहणीतही दिसलं, की जोडीदार आपली कदर करतो ही जाणीव नातं कसं आहे हे सांगणारी सर्वांत भरवशाची खूण होती. पैशाच्या ताणातून भांडणं होत असतानाही ती नात्याला सांभाळत होती. कर्जाचे हप्ते, पडलेले बाजारभाव, गेलेली नोकरी यांच्याशी झगडणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे जास्तच लागू आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार भारतात कोणत्याही एका दिवशी ८१.२ टक्के स्त्रिया घरातलं बिनमोबदला काम करत होत्या आणि २६.१ टक्के पुरुष. जे करत होते त्यांतही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं देत होते. अशा घरात नवऱ्यानं नुसतं गोड बोलून चालणार नाही. बायकोचे कष्ट दिसले असतील, तर पुढचं पाऊल ते वाटून घेण्याचं आहे. पाहून, वाखाणून पुन्हा सोफ्यावर बसणं ही कदर नव्हे. आणि ज्या नात्यात मारहाण आहे, धाक आहे, सतत अपमान आहे, तिथे गुण शोधत बसणं घातक ठरतं. जेम्स मॅक्नल्टी आणि सहकाऱ्यांनी नवविवाहितांचा काही वर्षं मागोवा घेऊन २००८ साली हे दाखवलं: किरकोळ अडचणी असलेल्या जोडप्यांना चांगला अर्थ लावण्याचा फायदा झाला, गंभीर अडचणी असलेल्यांचं मात्र त्यानं नुकसान झालं, कारण प्रश्न तसेच वाढत राहिले. मुलीला “त्याचे चांगले गुणही बघ” असं सांगून सासरी परत पाठवणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात घ्यावं. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आणि १८१ ही महिला हेल्पलाइन अशा वेळेसाठीच आहेत. या लेखात जे सांगितलं आहे ते अशा घरांसाठी, जिथे माणूस मुळात भला आहे आणि आपली नजर थकली आहे.

कौतुक करायला शिकण्याइतकंच ते घ्यायला शिकावं लागतं. डेनिस मॅरिगोल्ड, जॉन होम्स आणि मायकेल रॉस यांनी २००७ साली पाहिलं, की स्वतःबद्दल कमी विश्वास असणाऱ्या माणसाला जोडीदाराचं कौतुक पटतच नाही, तो ते झटकून टाकतो. पण जोडीदारानं आपलं कौतुक का केलं असेल आणि त्याचा नात्याच्या दृष्टीनं काय अर्थ आहे, याचा विचार करायला सांगितलं, की तेच कौतुक मनात मुरतं. आपल्याकडे झटकण्याचे शब्द तयारच असतात: “काहीतरीच काय”, “मस्का नको लावूस”, “आज सूर्य कुठून उगवला?” समोरच्यानं मोठ्या संकोचानं उच्चारलेलं एक वाक्य आपण असं परत पाठवतो, आणि पुढच्या वेळी तो ते उच्चारत नाही. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. घरातलं माणूस तुमच्याबद्दल काही चांगलं बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. “असं का वाटलं तुला?” असं विचारा आणि तो किंवा ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.